खरी चूक

उणे एकतीस. दुकानाच्या काचेवर आतून बर्फ.
ओरिसिया ह्नात्युक यांनी हातमोजे न काढताच
एक तपकिरी पाकीट काउंटरवर ठेवलं.
"नवरा मार्चमध्ये गेला. हे त्याच्या मोज्यांच्या खणात होतं.
खोटं असेल तर तसं सांगा,
माझी बस दहा चाळीसची आहे."

आकार दहा सेंटचा.
वर मात्र पाव डॉलरचा कॅरिबू,
साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर.

त्या ते वाजवून बघायला निघाल्या,
मी मनगटच धरलं.
वाजवून घ्यायचे दिवस गेले, बाई,
आता एक ओरखडा म्हणजे पन्नास डॉलर.

सेल्कर्क ॲव्हेन्यूवर मी सत्तावीस वर्षं बसलोय.
लोक नाणी आम्लात बुडवतात,
कानशीनं घासतात, पकडीत दाबतात
आणि निरागस चेहऱ्यानं आणून देतात.
चुकीचीसुद्धा नक्कल होते.
माझं काम एवढंच:
चूक खरी आहे की खोटी, ते सांगायचं.

आम्लातलं नाणं उपाशी माणसासारखं
सगळीकडून सारखंच झिजतं.
हे तसं नव्हतं.
कॅरिबू पुऱ्या मापाचा होता,
फक्त त्याला जागा कमी पडली होती,
शिंगांची टोकं काठापलीकडे, हवेत.
कडेची अक्षरं अर्धवट.
काठ गुळगुळीत, दाते नाहीत.
चुंबकाला टक्‌कन चिकटलं.
वजन दोन पूर्णांक शून्य सात.
म्हणजे टांकसाळीत कुठल्याशा दुपारी
दहा सेंटची एक चकती
चुकून पंचविसाच्या साच्याखाली गेली
आणि कुणी पाहिलं नाही.

"आलं कुठून?" मी विचारलं.
हा प्रश्न मी सगळ्यांना विचारतो,
आणि बहुतेक जण छताकडे बघतात.

त्यांनी पाकीट उलटं केलं.
मेथोडी बस डेपोत रात्री भाड्याच्या पेट्या मोजायचा.
पेन्सिलीनं लिहिलं होतं:
*यंत्रानं दहाच्या नळीत टाकलं.
जहाजांत एक हरीण.
हिशेब पंधरा सेंट कमी.
माझे पंचवीस घातले, हे घेतलं.
१७ नोव्हेंबर.*
खाली सही. सहीखाली पुन्हा एक सही,
जणू डेपोतलं कुणी तपासायला येणार होतं.

"म्हणजे चोरी नाही ना?" त्यांनी विचारलं.
तेव्हा पहिल्यांदा हातमोजे निघाले.

नाणं मी तपासणीला पाठवलं.
नऊ आठवड्यांनी ते प्लास्टिकच्या डबीत बंद होऊन परत आलं,
वर आकडा, पट्ट्या, 'अस्सल' असा शिक्का.
माणसाला असं कुणी देत नाही.

थंडर बे मधल्या एका दातांच्या डॉक्टरनं
लिलावात नऊशे चाळीसला उचललं.
दुसऱ्या दिवशी फोन आला:
त्या पाकिटाचे वेगळे दीडशे देतो.
मी बाईंना तसं कळवलं.
पलीकडे बराच वेळ किटलीचा आवाज.
"त्यावर त्याचं अक्षर आहे," त्या म्हणाल्या,
आणि मग, व्यवहाराला चोख अशा सुरात,
"तुमचं कमिशन कापून चेक पाठवा."

पाठवला. पैशापैशाचा हिशेब सोबत जोडला.
फेब्रुवारीत त्या पुन्हा आल्या, विकायला काही नव्हतं.
म्हणाल्या, "एक राहिलंच.
ज्यानं ते पेटीत टाकलं,
त्याला ठाऊक होतं का?
फसवत होता, की स्वतः फसला होता?"

मी वजन सांगू शकतो, व्यास सांगू शकतो,
धातू, साल, साच्याचा कल.
मी भिंग पुसत राहिलो.

दहा चाळीसची बस वळणावर दिसली.
त्यांनी पर्समधून सुटे काढले,
एकेक नाणं उजेडात धरून उलटंपालटं केलं
आणि सरळ दारातून बाहेर पडल्या.