ठिकरी

दाभोळच्या धक्क्यावर उतरताच तिने
ओहोटीची वेळ विचारली, मग चहा.

पाहुणी चीनची. फान शूझन, वय एकोणसत्तर.
नऊ वर्षं कुलगुरू, त्याआधी विभागप्रमुख,
त्याआधी व्याख्याती,
त्याआधी (हे छापील परिचयात नव्हतं)
सहा वर्षं एका डोंगराळ खेड्यात
डुकरं राखणारी.

मी दापोलीच्या कॉलेजात इतिहास शिकवतो
आणि चार वर्षं प्रभारी प्राचार्य आहे.
म्हणजे कुणाची रजा, कुणाची थकबाकी, नळाचं बिल.
बंदरावरचा माझा प्रबंध कपाटात,
तिसऱ्या प्रकरणाशी नांगर टाकून.

खाडीत होडी वळताना मी विचारलंच,
तुम्हाला जमलं कसं?
म्हणाली, पहाटे पाच ते सात मी इतिहासकार होते.
सातनंतर शिक्का.

दोघांचीही इंग्रजी मोडकी,
त्यामुळे खोटं बोलायला शब्द पुरत नव्हते.

इब्राहिम मुकादमने होडी तिवरांत घातली.
तिने बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली
आणि उतरली थेट चिखलात,
कालवं काढणाऱ्या बायकांच्या शेजारी.
त्यातली एक हसली, ‘बाय, काटा लागंल हां!’
तिला भाषा कळली नाही,
पण पाऊल जपून टाकलं.

मग मी माझा रुमाल सोडला.
सात खापऱ्या, अठरा वर्षांत जमवलेल्या.
तिने भिंग काढलं. एक इराणी, बहुधा.
एक सांगता येत नाही.
बाकी पाच तिने हळूच माझ्याकडे सरकवल्या:
‘ही बशी माझ्याहून तरुण आहे.’

मशिदीच्या खालच्या आळीत
पोरी खेळत होत्या, मातीत रेघोट्या मारून.
सुमय्या परकारची ठिकरी तिसऱ्या घरात पडली
आणि फान शूझन
भर खेळात खाली बसली.

पांढरी, बोटभर. निळ्या माशाची अर्धी शेपटी.
कडा खेळून खेळून गुळगुळीत.
तिने नखानं काठ चाचपला, दोनदा.
म्हणाली, ‘पाचशे वर्षं. जास्तच.
ही भट्टी माझ्या आईच्या गावापासून दोन कोसांवर.’

आणि मग, तशीच मातीत बसून,
मी काही विचारलं नसताना:

‘सोळा वर्षांची होते. आम्ही बाराजणी
सरांच्या घरात शिरलो.
ताटल्या मी फोडल्या. जुन्या, अशाच निळ्या.
मोठ्यानं मोजा, असं त्यांनाच सांगितलं होतं.
एक्केचाळीस.
पुढे त्यांच्याच विभागात लागले, त्यांच्याच खोलीत.
तोवर ते नव्हते.
कुलगुरू झाल्यावर त्यांच्या नावाची इमारत बांधली.
पाच मजली. लिफ्टसकट.’

थोडं थांबून, ‘पुरत नाही.’

मी गप्प. कुठेतरी मासळी वाळत होती,
वारा तो वास घेऊन येत-जात होता.

‘आजी, द्या ना,’ सुमय्या म्हणाली,
‘माझा डाव आहे.’
मी घाईनं म्हटलं, ही आपण कॉलेजसाठी ठेवू,
नोंद करू, काचेत ठेवू.
तिने मान हलवली. फोटो घेतला, पट्टी लावून,
आणि ठिकरी पोरीच्या हातावर ठेवली
दोन्ही हातांनी,
पदवीदान समारंभात देतात तशी.

वर्षाभरानं तिचा लेख आला.
निळ्या माशाची अर्धी शेपटी, आकृती अकरा.
खाली बारीक अक्षरात:
खाजगी संग्रह, सुमय्या परकार, दाभोळ. वापरात.

माझं नाव आभारांत होतं, स्पेलिंग चुकलेलं.

परवा सुमय्या दिसली फेरीबोटीत,
आता नववीत आहे. मी विचारलं, ती ठिकरी?
‘ती ना सर,’ तिने खाडीकडे बोट केलं,
‘भावानं पाण्यावर उडवली.
चार टप्पे गेली.’