चोथा

सकाळी साडेनऊला सॉक्सलेट लावते.
खाली शेगडी, वर गार पाण्याची नळी,
मधल्या कागदी थैलीत नारसिंगभाईने आणलेला पाला,
सावलीत वाळवून भरड कुटलेला.
स्पिरिट वाफ होऊन चढतं, थेंब होऊन परततं,
काठोकाठ भरलं की गटकन खाली.
पहिला उतार काळा-हिरवा,
सातवा पोपटी,
एकविसावा नुसतं पाणी.
तेव्हा समजायचं, पाल्याने दिलं जे द्यायचं होतं ते.

आमच्या घरात ही निर्गुडी.
छोटा उदेपूरच्या बसमधून पोत्यात येते तेव्हा नगोड.
बाटलीच्या चिठ्ठीवर तिसरंच नाव, लॅटिन,
बावीस वर्षं लिहिते आहे
आणि अजूनही एखादं अक्षर गाळते.

उंदरांचे पाच गट, प्रत्येकात सहा.
मागच्या उजव्या पंजात सुई,
सुईत समुद्री शेवाळाचा चीक.
तासाभरात पंजा फुगतो भिजल्या हरभऱ्यासारखा.
घोट्यावर शाईची रेघ असते,
रेघेपर्यंत पाऱ्यात बुडवायचा,
पारा किती चढला ते वहीत.
शून्य, एक, तीन, पाच तास.
पहिल्या गटाला फक्त गोंदाचं पाणी.
त्यांच्या पिंजऱ्यापाशी मी उगाच रेंगाळत नाही.

पंड्यामॅडम विचारतात, किती टक्के?
चारशेच्या मात्रेला एक्केचाळीस, मी सांगते.
चष्मा कपाळावर सरकवून त्या म्हणतात, बरं आहे.
बरं आहे म्हणजे पन्नास हवे होते.

माझ्या डाव्या हाताचा मधला सांधा
थंडीत लिंबाएवढा होतो.
अनामिकेतली अंगठी गेल्या वर्षी
दांडिया बाजारातल्या सोनाराने कापून काढली,
दोन टिचक्यांत,
आणि तुकडे कागदाच्या पुडीत बांधून दिले
बडीशेपेसारखे.
माझ्या बोटावर कुणी शाईची रेघ मारलेली नाही.

मंगळवारी नारसिंगभाई आला तो कुडकुडत.
पोतं टेकवलं, वजन करून घेतलं,
पंधरा किलो, तीनशे ग्रॅम ओल म्हणून वजा.
नेहमीसारखं विचारलं,
"बेन, उंदरनो सोजो उतर्यो के?"
उतरला थोडा, म्हटलं.
मग पिंजऱ्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसला
आणि खालच्या आवाजात पांढरी गोळी मागितली.
कपाळाला हात लावला, पोळला.
गोळी दिली, चहा दिला.
घरी याच पाल्याची वाफ घेता ना तुम्ही, मी म्हटलं.
घेतो की, तो म्हणाला,
पण या खेपेला सगळा इथेच आणला.
पावतीवर सही करताना त्याचा हात हलत होता,
सही मात्र रोजच्यासारखी,
राठवातला रा मोठा, बाकी सगळं त्याच्या आधाराला.

संध्याकाळी थैलीतला चोथा कचऱ्यात टाकायचा असतो.
मी तो खिडकीत पसरला, स्पिरिटचा वास जाईपर्यंत,
आणि डब्याच्या पिशवीत भरला.
विश्वामित्रीच्या पुलावर माणसं वाकून मगर बघत होती.
मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

तव्यावर शेकला, जुन्या ओढणीच्या पट्टीत बांधला.
बांधायच्या आधी दोऱ्याने सांधा मोजला, गाठ मारली.
मला माहीत आहे त्यात काही उरलेलं नाही,
एकविसावा उतार मी स्वतः पाहिला आहे.
चोथा ऊबदार होता, एवढंच,
आणि ओल्या बांधासारखा वास.

पहाटे दोरा पुन्हा लावला.
गाठ जिथे होती तिथेच.
वहीत लिहायचं तर,
गट पहिला, संख्या एक, फरक नाही.
झोप सहा तास.
झोपेचा रकाना आमच्या वहीत नसतो.

पेनाचं टोपण दातांनी उघडलं
आणि आजची तारीख घातली.
नारसिंगभाईचा ताप उतरला का
ते आता पुढच्या पोत्याबरोबर कळेल.