आधार आणला का?

खिडकीतल्या बाईंनी विचारलं, आधार आणला का?
मी माझं कार्ड पुढे केलं.
तुमचा नाही, पेशंटचा.
पेशंट अजून ऑटोत होता, दोघांच्या मध्ये,
चपला घरी राहिलेल्या,
आणि मानकापूरच्या रस्त्यावर मे महिन्याचं डांबर
टायरला चिकटत होतं.

नागपूरला समुद्र नाही.
तरी इथे भरती होते,
वेळसुद्धा लिहितात तिची: दुपारी एक चाळीस.

गुणवंता अकरा रात्री झोपला नव्हता.
तांडापेठेतल्या आमच्या गल्लीत घराघरातला कूलर
यानंच बसवलेला, वाळा यानंच भरलेला,
आणि यानंच एका रात्रीत
सात घरांचे पंखे उतरवून ओट्यावर मांडले,
पाती भिंतीकडे तोंड करून.
"हे माह्यं नाव घेऊन राहिले, वनू.
तुले काहून ऐकू येत नाही?"
शेचाळीस डिग्री. लेकरं घामोळ्यांनी रडत होती.
लोक आधी हसले, मग हसले नाहीत.
तो पाणी पीत नव्हता, हे मी डॉक्टरांना सांगितलं.
सळई घेऊन उभा होता, हेही.
सळई त्यानं कुणावर उगारली नव्हती,
हे सांगायचं राहिलं.

डॉक्टर चांगले होते. दोघांनी वेगवेगळं तपासलं,
कायदा तसा आहे.
मग कागद माझ्याकडे आला.
त्यात बळजबरी हा शब्द कुठेच नव्हता.
आधार होता. आधाराने प्रवेश, तीस दिवसांपर्यंत.
थोड्या वेळापूर्वी फाटकाच्या गजावरून
त्याची बोटं मी एकेक करून सोडवली होती,
करंगळी शेवटी.
नाते: बहीण.
सही.

सतराव्या दिवशी हात थरथरत होता,
पण डोळे जागेवर होते.
म्हणाला, "बोर्डाकडे अर्ज करता येते म्हणे,
मर्जीविरुद्ध भरती केली म्हणून.
कोणी केली, ते लिहा लागते."
लिही, मी म्हटलं.
"वनू लिहू का वनमाला?"
वनमाला. आधारवर आहे तसं.

"माझ्या सख्ख्या बहिनीने" असं त्यानं लिहिलं.
मी फक्त न चा ण केला.
"मी सळई उगारली नव्हती" हे वाक्य दोनदा आलं होतं.
दोन्ही राहू दिली.

तळाशी प्रतिनिधीसाठी एक रेघ होती.
प्रतिनिधी मीच.
तीन वर्षांपूर्वी, बरा असताना, त्यानंच नेमलेली,
चहाच्या टपरीवर बसून, साध्या कागदावर:
"हिच्यावर माझा भरवसा आहे."
कागदाला अजून चहाचा गोल डाग आहे.
तर माझ्याविरुद्धच्या अर्जावर
मीच सही केली. तीच सही, तशीच,
व चा पोट नेहमीसारखं फुगलेलं.
तो बघत होता. म्हणाला,
"दाबून कर. खालची प्रत उमटली पाहिजे."

निघताना विचारलं त्यानं, "कूलर चालू आहे ना?"
आहे. पाणी चढत नाही.
"पंपाची जाळी काढून धू. जुना टूथब्रश घे.
अन् सुट्टी कधी होते, ते विचारजो."
सुट्टी. शाळेत तिची घंटा व्हायची,
आणि हा माझं दप्तर घेऊन माझ्याआधी पळायचा.
खिडकीतल्या बाई म्हणाल्या, तारीख कळवू.

रात्री जाळी धुतली. पाणी चढलं.
वाळा भिजला, खोलीला वास आला.
मी पत्र्याला कान लावून बसले
बराच वेळ.
माझं नाव आलं नाही. त्याचंही नाही.
मग बटण बंद केलं
आणि तरी बसून राहिले,
पाती पूर्ण थांबेपर्यंत.