पानाबाहेर

खरी कॉर्नरच्या प्रेसात आज नवा संगणक आला.
जुन्याची वायर अजून खिळ्याला अडकवलेली.
फाइली सरकतात. पट्टी म्हणते सात मिनिटं,
मग विचार बदलून, दोन तास.

पहिलीच लग्नपत्रिका नव्यावर उघडली.
जुना फॉन्ट नाही, म्हणून चि.सौ.कां. प्रणोतीची झाली
टिंबं, कंस, डॉलर, एक उलटं प्रश्नचिन्ह.
मालक म्हणाले, "पीडीएफ कर की सगळ्यांची. हाय काय त्यात."

पीडीएफ पानापुरतीच असते.
शिकलगार मामा पानाबाहेर लिहायचे,
छापलं जात नाही त्या पांढऱ्या जागेत:
'चहा दोन, बारा रुपये.'
'घोरपडे का घोडके, फोन करून विचारणे.'
'यास्मिनचा आज पेपर. अल्ला, गणित सोपं घाल.'
आणि शेवटच्या फाइलीत,
तालमीच्या वर्गणीच्या पावतीशेजारी,
नुसतंच: 'डावा डोळा.'
पुढं काही नाही.

मी पट्टी थांबवली.
टेबलाखालचे कागदाचे रीम ओढून
जुन्याला तिथं बसवला, घरघरत्या पंख्यासकट.

"झालं काय?" मालकांनी बाहेरून विचारलं.
म्हटलं, फाइली मोठ्या हाईत,
वेळ लागंल.