दोन वारुळं, नान्नजचा माळ

वहीच्या डाव्या पानावर पहिली जात.
उंची माझ्या खांद्याएवढी.
अंगावर उभ्या चुण्या, जणू कुणी
ओला मुरूम निऱ्यांसारखा चिमटीत धरला
आणि खोचायचं विसरलं.
तोंड कुठेच नाही.
इरण्णा म्हणतो, ह्यालाच बायका हळद लावतात,
उभं दिसतंय की लांबून.

उजव्या पानावर दुसरी.
बसकी. पाठीवर पाच भोकं.
एकात मी कोपरापर्यंत हात घातला.
"मॅडम, जनावर असतंय आत!"
जनावर नव्हतं.
वाफ होती,
गरम भाकरी डब्यात घातली की
झाकणाला धरते तशी.

दोघींच्या पोटात बाग एकच,
चावलेल्या काडीवर पोसलेली बुरशी.
बाहेर त्रेचाळीस अंश, कुसळं मोज्यांत,
आणि दोघींना आत हवा तोच ओलावा.
एक भिंतीतून श्वास घेते,
एक उघड्या नळ्यांतून.
शिवाय शिपायाच्या डाव्या जबड्यावरचा दात,
तो जरा पुढे की जरा मागे,
भिंग हललं नाही तर दिसतो.

रात्री विडी घरकुलात
नायना पंप ओढून भिंतीला टेकलेले.
फोटो दाखवले. चष्मा कपाळावर गेला.
बुटक्यावर बोट: "ही मिल. चिमण्या आहेत."
उंचावर: "हा आपला शेड.
खिडक्या बंद.
वारा आला की सूत तुटतं."
बराच वेळ खोकले.
"पाळ्या आहेत का ह्यांना?"
दिवसरात्र, म्हटलं. भोंगा नाही.
"आणि टाळेबंदी?"

मी वही चाळली.
उंची, घेर, चुण्या, भोकं.
रकाना नव्हता.

सकाळी ओढ्याच्या अलीकडे
पहिल्या जातीचं एक, सगळ्यांत उंच.
नियमाप्रमाणे खिळ्यानं टोचलं.
बुजवायला येतात, दोन मिनिटांत, तोंडात माती घेऊन.
वीस मिनिटं घड्याळ धरून बसले.
इरण्णानं तंबाखू मळून खाल्ली, थुंकली.
कुणी आलं नाही.

दुसरी असती तर
नळ्यांतून वारा तरी वाजला असता.
ही नुसती उभी, चुण्या जागच्या जागी,
पायथ्याशी गेल्या पंचमीची हळद.

पेन्सिलीनं पाचवा रकाना आखला.
वर काय लिहायचं
ते नायनांना विचारीन.