निळी खडी

चाकणला मी गाड्यांच्या रंगाच्या शेडा जुळवते.
दाराचा करडा आणि बॉनेटचा करडा
एकाच आईचे आहेत की नाहीत
हे दिव्याखाली तिरकं धरून सांगते.
पगार त्याचाच.

म्हणून धनकवडीच्या या घरात पहिल्यांदा आले
तेव्हा पडदे, सोफा, माणसं यांच्याआधी
मला टाकीचा तळ दिसला.
निळा. कंपासपेटीवरच्या गाडीसारखा निळा,
नदीला, आभाळाला, कुणालाच न शोभणारा.
खडे टोकांशी पांढरे पडलेले,
रंगाचे पापुद्रे काचेला चिकटलेले.
मी काही बोलले नाही. लग्नाला तीन आठवडे होते.

रुंजी तेव्हा आठ वर्षांची.
तिनं मला सगळ्या माशांची नावं सांगितली
आणि खडी कुणी निवडली ते सांगितलं नाही.

वर्षभर मी कारणं गोळा केली.
या निळ्यावर टेट्रा फिके पडतात, हे खरं.
मासा तळाकडे बघून अंग रंगवतो,
उजळावर उजळ, गडदावर गडद,
लपायचं असतं बिचाऱ्याला.
खडी टोकदार, तळ उकरणाऱ्या कोरीच्या मिशा झिजून
नुसते खुंट उरलेत, हेही खरं.
शनिवार पेठेतले पटवेकर म्हणाले, काळी वाळू घ्या, बारीक,
पांढरी नको, कपबशीसारखी डागाळते.
मुठेची आणू का विचारलं
तर चष्म्यावरून नुसते बघत राहिले.
मी शेडकार्डं काचेमागे धरून पाहिली. काळा, नंबर तीन.
नवरा म्हणाला, तुला वाटेल तसं कर.
हे वाक्य कुठल्या शेडचं, मला अजून कळलेलं नाही.

रविवारी मासे पुरणाच्या पातेल्यात काढले.
बारा किलो वाळू सोळा पाण्यांनी धुतली,
सतरावंही शाईचंच आलं.
निळी खडी सोसायटीच्या कण्हेरीच्या आळ्यात ओतली.
रुंजी गॅलरीतून बघत होती. मग गृहपाठाला गेली.

त्या रात्री काळ्यावर टेट्रांची रेघ अशी पेटली
की मी खुर्ची ओढून अकरापर्यंत बसले.
काम चांगलंच झालं होतं.

चौथ्या दिवशी पाणी ताकासारखं.
मासे वर येऊन तोंडं उघडत होते.
फोनवर पटवेकर, "जुनी खडी?"
टाकली.
"सगळी?"
मग बराच वेळ त्यांच्या दुकानातल्या पंपांचा आवाज.
"अहो, पाणी राखणारे जीव त्या खडीला धरून असतात.
दिसत नाहीत म्हणून काय.
चार मुठी तरी ठेवायची, मोज्यात बांधून, कोपऱ्यात.
महिना दीड महिना. तिथून ते नव्या वाळूत उतरतात."

टॉर्च घेऊन खाली गेले.
आळ्यातली खडी कोरडी ठणठणीत,
वर माळ्यानं शेणखत घातलेलं.
मागे रुंजी. पायात माझ्या चपला,
हातात श्रीखंडाचा डबा, झाकण न लावलेला,
आत निळी खडी, टाकीच्याच पाण्यात.
"वॉशिंग मशीनमागे ठेवली होती," म्हणाली.
आणि थोड्या वेळानं, "उसनी देते."

मोजा तिनंच आणला. शाळेचा, पांढरा.
गाठ मी मारली.

दोन टेट्रा गेले. बाकीचे सावरले.
कोरीला मिशा फुटताहेत, भिंगातून दिसतात.

दीड महिना कधीच उलटून गेला.
पटवेकर म्हणतात, आता काढलात तरी चालेल.
तळ काळा, नंबर तीन, सपाट,
आणि कोपऱ्यात एक शेवाळलेला पाय,
विणीतून कुठे कुठे निळा.
पाहुणे विचारतात हे काय.
रविवारी पाणी बदलताना रुंजी तो उचलून धरते,
मी खालची वाळू साफ करते,
ती परत ठेवते, जरा डावीकडे.
उसन्याचा विषय अजून कुणी काढलेला नाही.