सिंहाला ताक

नणंदेने हॅम्बुर्गहून मासिक पाठवलं,
गुळगुळीत, जड, पानांना अत्तराचा वास.
आत नुसत्या बागा. एकाही बागेत माणूस नव्हतं,
दोरीवर चड्ड्या नव्हत्या, गवतात नळी पसरलेली नव्हती.
काळ्या कुंड्या, माझ्या कमरेइतक्या,
एकेकीत एकेकच झाड, तेही कापून गोल केलेलं,
आणि बर्चच्या बुंध्याशी दिवा असा लपवलेला
की उजेड झाडालाच फुटलाय.

एकवीस वर्षं मी हेच तर ओततेय.
ओडर नदीच्या अलीकडे, पुलाकडच्या रस्त्यावर,
वित्कोवस्कीच्या शेडमध्ये:
सिंह, व्हीनस, हंस, अननस,
आणि बुटके, दाढीवाले, टोपीवाले, हजारोंनी.
साचा बडवून बुडबुडे काढायचे,
नाहीतर देवीच्या नाकाला भोक पडतं.
शनिवारी पलीकडचे जर्मन येतात,
मागच्या सीटवर व्हीनसला पट्टा बांधून नेतात.

माझ्या अंगणात, जे बिघडलं ते.
बत्तीस बुटके, कोणाला हात नाही,
कोणाचा कंदील वितळून भोपळा झालेला.

मासिक म्हणत होतं: दहा लहानांपेक्षा एक मोठं ठेवा.
नवं ते नवं दिसता कामा नये.
रिकामी जागा हीच खरी श्रीमंती.
"मग आपण पिढीजात श्रीमंत आहोत,"
मुलगा म्हणाला, आणि सायकल काढून गेला.

बुटके कोळशाच्या खोलीत नेले, दोन-दोन करून.
एकाला ओल्गेर्दने, जिवंत होता तेव्हा,
आपल्या आईचा चष्मा रंगवला होता.
त्याला तोंड भिंतीकडे करून ठेवलं,
मग परत जाऊन फिरवलं.

सिंह मिळाला सिमेंटच्या भावात. डावा कान नव्हता.
चौघांनी ओढत आणला, बर्चखाली बसवला.
पांढराफेक. नव्या कवळीसारखा.
शेवाळ हवं असेल तर ताक फासायचं,
असं सत्तेचाळिसाव्या पानावर होतं.
मी दोन लिटर फासलं, आयाळीत ब्रशने, पंजात बोटांनी.

शेवाळ नाही आलं. मांजरं आली.
चर्चकडची, बेकरीमागची, कोणाची कोण जाणे,
रात्रभर खरखरीत जिभांचा आवाज.
सकाळी सिंहाचं नाक झिजल्यासारखं,
छातीवर पिवळट ओघळ, पाठीवर केस चिकटलेले.
मी पुन्हा फासलं. ती पुन्हा आली.
असं ऑगस्ट संपेपर्यंत.

मग बर्लिनचा एकजण कुंपणाशी थांबला.
तागाचा सदरा, पायात मोजे नाहीत.
म्हणे रस्ता चुकलो. म्हणे बर्च छान आहे.
म्हणे पाऊस कसा आहे यंदा इकडे.
ताकाला यायचं आणि भांडं लपवायचं.
मी शेंगा सोलत राहिले.
शेवटी बोट दाखवून विचारलं, "हा किती जुना?"
खोटं बोलले नाही मी. म्हटलं, "कान तर केव्हाच गेलाय."
त्याने मान हलवली, देवळात हलवतात तशी.

शेडमधल्या सिंहाच्या सहापट पैसे मोजले त्याने.
ट्रेलरवर चढवताना एक मांजर मागे मागे पुलापर्यंत गेलं.

बर्चखाली आता एक चौकोन उरलाय,
गवत पिवळं, दाबलेलं, गोगलगाईंचे माग.
त्या पैशांत काळ्या कुंड्या आल्या असत्या,
दिवासुद्धा, उजेड झाडाला फुटला असता.
मी छताचे पत्रे बदलले.

संध्याकाळी चौकोनात खुर्ची टाकून बसते,
मांडीवर परात, पायाशी सालांचा ढीग.
मांजरं येतात, मला हुंगतात,
निराश होऊन जातात.